सतरावा प्रश्न

टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं ‘हॅलो’ म्हणून झाल्यावर ती सवय सुटणं शक्यच नव्हतं. निवृत्त झाल्यावरही कुणी दाराची बेल वाजवली की बाई आतूनच ‘हॅलो’ म्हणायच्या आणि मग स्वतःशीच हसत कडी काढायच्या. ऑफिसातल्या मैत्रिणींनी ठेवलेलं हॅलोबाई हे नाव हळूहळू नातेवाइकांच्याही तोंडी बसलं, आणि खरं नाव पेन्शनच्या कागदापुरतं उरलं.

त्यांची भाची विद्यापीठात शिकवायची. हुशार, शिस्तीची, आणि मावशीवर मनापासून जीव असलेली. तिनं एक अभ्यास हाती घेतला होता. शहराच्या टोकाला एका रुंद रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकाच ठेकेदारानं बांधलेल्या चारमजली इमारती होत्या. नकाशा तोच, भिंतींचा पिवळा रंग तोच, राहणाऱ्यांची कमाई जवळपास तेवढीच. तरीही रस्त्याच्या अलीकडच्या इमारतींमध्ये चोऱ्यामाऱ्या, तोडफोड आणि पोलिसांच्या वहीत नाव गेलेली मुलं पलीकडच्यापेक्षा तिप्पट होती. हे असं का, ते भाचीला शोधायचं होतं. त्यासाठी घरोघर जाऊन बत्तीस प्रश्नांचे फॉर्म भरून आणणारी माणसं हवी होती. मावशी घरात बसून कंटाळली होती, आणि अनोळखी माणसाशी पहिल्या मिनिटाला गप्पा जमवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

भाचीला काळजी होती ती त्या गप्पांचीच. तिनं मावशीला समोर बसवून दोनदा बजावलं, की विचारायचं आणि लिहायचं. आपलं मत द्यायचं नाही, मान डोलवायची नाही, आणि एका घरात ऐकलेलं दुसऱ्या घरी मुळीच सांगायचं नाही. हॅलोबाई म्हणाल्या, की अगं, आयुष्यभर लोकांचे फोन जोडले, पण मध्येच कान घातला नाही. भाचीनं नुसतं बघितलं, तेव्हा त्यांनी ‘सहसा’ हा शब्द मागून जोडला.

त्यांच्या वाट्याला आली अलीकडची तीन नंबरची इमारत. चार मजले, मजल्याला सहा दारं. जिन्यातले दिवे कुणीतरी काढून नेलेले, टपालपेट्यांची झाकणं लोंबणारी, आणि गच्चीवरच्या टाक्यांचे पितळी नळ दोन महिन्यांत पाच वेळा गेलेले. शेवटचा नळ गेला तेव्हा टाकी अख्खी रिकामी झाली आणि चौथ्या मजल्यापासून खालपर्यंत पाणी पायऱ्यांवरून उतरत राहिलं. प्रत्येकानं आपापल्या उंबऱ्याशी जुने टॉवेल दाबले आणि दार लावून घेतलं.

इथं कुणी फार दिवस टिकतच नसे. अकरा महिन्यांचा करार संपला की मालक भाडं वाढवायचा आणि माणसं सामान उचलायची. दारावर नावाची पाटी लावायच्या भानगडीत कुणी पडत नव्हतं. त्यातल्या त्यात जुने म्हणजे तळमजल्यावरचे ड्रायव्हरकाका. तीस वर्षं शहरबस चालवून निवृत्त झालेले, एकटे, आणि दिवसभर पडद्याआडून रस्त्याकडे बघणारे. कुठली बस किती मिनिटं उशिरा आली हे ते न विचारता सांगत. दुसऱ्या मजल्यावर एक नर्स राहायची, आठवड्याआड पाळी बदलणारी. तिसऱ्यावर बेकरीत काम करणारा एक धिप्पाड माणूस. तो रात्रभर भट्टीपुढं असायचा आणि अकराला उठून दार उघडायचा, तेव्हाही त्याच्या भुवयांत पीठ असायचं.

सतरावा प्रश्न दोन भागांचा होता. शाळेच्या वेळात एखादं मूल जिन्यात नुसतं बसून राहिलेलं दिसलं, तर तुमचे शेजारी त्याच्याशी बोलतील का? आणि तुम्ही स्वतः बोलाल का?

या प्रश्नाला आल्यावर माणसं जरा थांबत. मग पहिल्या भागाला सगळे एकच उत्तर देत. छे, इथं कोण कुणाशी बोलतंय. आणि दुसऱ्या भागाला बहुतेक जण खाली बघून म्हणत, की मी बोलेन हो, पण एकट्यानं बोलून काय उपयोग. चौथ्या घरी हेच उत्तर ऐकलं तेव्हा हॅलोबाईंच्या जिभेच्या टोकाशी आलं होतं, की अहो, समोरच्या दारातलेही हेच म्हणाले. पण भाचीचा चेहरा आठवला आणि त्यांनी तोंडाला कुलूप लावलं. जे सांगता येत नव्हतं ते सगळं त्यांनी ‘शेरा’ नावाच्या रकान्यात लिहून टाकलं. रकाना दोन ओळींचा होता. हॅलोबाई समासातून वळून पानामागं जात.

आता गंमत अशी, की हा प्रश्न ऐकताना सगळ्यांच्या डोळ्यांपुढं मूल एकच होतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर दुसऱ्याच मजल्यावर राहणारी एक पंधरा वर्षांची मुलगी रोज बसलेली असायची. अंगात बापाचा वाटावा असा भला मोठा राखाडी स्वेटर, चष्म्याच्या एका काडीला चिकटपट्टी. येणारेजाणारे तिच्याजवळ आले की पाय जरासे उचलून, अंग चोरून पुढं जात. जिन्यात एखादी बादली ठेवलेली असावी आणि ती आपली नसावी, तसे.

चौथ्या दिवशी हॅलोबाईंच्या गुडघ्यांनी संप केला आणि त्या तिच्या शेजारच्याच पायरीवर टेकल्या. डब्यातला अंड्याचा पाव काढून अर्धा तिच्यापुढं धरला. मुलीनं तो घेतला, चार घासांत संपवला आणि तोंड पुसत विचारलं, “तुम्ही सगळ्यांना काय विचारता?”

हॅलोबाई म्हणाल्या की ते सांगता येत नाही.

“मग मलाही विचारा.”

“अठराच्या आतल्यांना विचारायचं नाही असा नियम आहे.”

“म्हणजे आमच्याबद्दल मोठ्यांनाच विचारणार,” मुलगी म्हणाली आणि उरलेल्या अर्ध्या पावाकडं बघू लागली. हॅलोबाईंनी तोही दिला.

मंगळवारी नर्सचं घर होतं. जिना चढून दारात उभ्या राहिलेल्या हॅलोबाईंचा रंग बघून नर्सनं प्रश्न बाजूला ठेवायला लावले, हाताला धरून आत नेलं आणि रक्तदाब मोजायचा पट्टा दंडाला गुंडाळला. फॉर्मची कापडी पिशवी बाहेर जिन्याच्या कठड्यालाच राहिली. रक्तदाब ठीक निघाला. मग नर्सनं पाणी दिलं, त्यावर चहा दिला, शिकाऊपणी एका डॉक्टरची कशी खोड मोडली होती ते सांगितलं, आणि हॅलोबाई बाहेर आल्या तेव्हा पिशवी नव्हती. वळणावरची मुलगीही नव्हती.

पिशवीत एकोणीस घरांचे फॉर्म होते. नावं नव्हती, पण दार क्रमांक होते, आणि समासातून वळून गेलेले ते शेरे होते. नर्सनं गच्ची बघितली, हॅलोबाईंनी टपालपेट्या चाचपल्या. ड्रायव्हरकाका पडदा सारून बाहेर आले आणि म्हणाले की या इमारतीत काहीही ठेवायची सोय नाही, सरळ पोलिसांत जा. तेवढं बोलून ते आत गेले. हॅलोबाई पोलिसांत गेल्या नाहीत. भाचीलाही त्यांनी फोन केला नाही. फोन जोडण्यात जन्म गेलेल्या बाईला आयुष्यात पहिल्यांदाच एक नंबर फिरवायचा धीर होईना.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला त्या परत आल्या. चोर रोजच्या जागी बसलेला असेल अशी काही त्यांची अपेक्षा नव्हती. पण मुलगी वळणावरच होती. पिशवी तिच्या मांडीवर होती आणि फॉर्म दार क्रमांकाप्रमाणे नीट लावलेले होते.

हॅलोबाई बसल्या.

“मला वाटलं पिशवीत काहीतरी असेल,” मुलगी म्हणाली. “म्हणून घेतली. मग वाचत बसले.”

“सगळे?”

“सगळे. तुमचं अक्षर फार वाईट आहे.” तिनं वरचा फॉर्म उचलला. “हे तुम्ही मनाचं लिहिलंय का?”

“नाही गं. ते म्हणाले तसंच लिहिलंय.”

“हे तळमजल्याचे काका. ‘माझ्या मुलीचाही लहानपणी असाच मोठा स्वेटर होता. बोलावंसं वाटतं. पण आपण कोण बोलणारे.’ हा वरचा बेकरीवाला. ‘रोज पाव उरतात. पोरीला द्यावेसे वाटतात, पण लोक भलताच अर्थ काढतील.’” ती एकेक फॉर्म उलटत होती. “एकोणीसपैकी चौदा जणांनी म्हटलंय, मी बोलेन. चौदा जण. मी इथं सात महिने बसतेय.”

तिचा आवाज चढला नव्हता. तिला खरोखरच हिशेब लागत नव्हता आणि तो कुणीतरी समजावून द्यायला हवा होता. हॅलोबाईंनी काय काय सांगून बघितलं. माणसं भितात. प्रत्येकाला वाटतं, आपल्याला एकट्यालाच असं वाटतंय. पण बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं, की त्या स्वतःही तीन दिवस तिच्या शेजारून पाय उचलून गेल्या होत्या. गुडघे दुखले नसते तर चौथ्या दिवशीही गेल्या असत्या. त्यांनी ते तसंच सांगून टाकलं.

मुलगी उठली, काकांचा फॉर्म हातात घेतला आणि जिना उतरू लागली. हॅलोबाई “अगं, नको, तो गुप्त असतो,” म्हणत कठड्याला धरून तिच्यामागं निघाल्या. त्या खाली पोहोचेपर्यंत बेल वाजून गेली होती आणि ड्रायव्हरकाका सपाता घालून दारात उभे होते.

“तुम्ही म्हणाला होतात की तुम्ही माझ्याशी बोलाल,” मुलगी म्हणाली. “मग बोला.”

काकांनी फॉर्म बघितला, मग हॅलोबाईंकडं बघितलं. हॅलोबाईंनी भिंतीकडं. तीस वर्षं शेकडो माणसांना ‘आत सरका’ म्हणून ओरडलेला माणूस आता स्वतःच दारातून जरा आत सरकला. मग त्यांनी विचारलं, “शाळा किती वाजता असते?”

“साडेसातला.”

“आता साडेदहा झाले.”

“हो.”

“सत्तावीस नंबर समोरून सात दहाला सुटते,” काका म्हणाले. एवढं एकच त्यांना खात्रीनं माहीत होतं. “मग तू का जात नाहीस?”

हा प्रश्न कुणी विचारेल असं मुलीला वाटलं नसावं. ती चष्मा वर ढकलत राहिली. मग हळूहळू सांगू लागली. चार वर्षांत तीन घरं झाली, म्हणून तीन शाळा झाल्या. पहिल्या शाळेत गणिताचे जे धडे पुढच्या सहामाहीत होते ते दुसऱ्या शाळेत आधीच होऊन गेलेले. अपूर्णांक ती दोनदा शिकली आणि समीकरणं एकदाही नाही. फळ्यावर बोलावलं की सगळे हसतात. शेजारी कुणी बसत नाही. आई पहाटे सहाला औषधांच्या कारखान्यात गोळ्यांची पाकिटं भरायला जाते, तिला वाटतं मुलगी शाळेत आहे. बाबा दुसऱ्या गावी असतात. पाच नंबरच्या इमारतीतल्या दोन मुली जिन्यात भेटल्या, त्यांनी हिला हाक मारली. त्यांनीच नळ कसा काढायचा ते दाखवलं. “त्या मला नावानं हाक मारायच्या,” ती म्हणाली. “बाकी इथं कुणाला माझं नाव माहीत नाही.”

पुढं झालं ते काही फार मोठं नव्हतं. काकांनी आतून एक खुर्ची आणून बाहेर पॅसेजमध्ये ठेवली, मग दुसरी आणली, आणि तिला जेवलीस का म्हणून विचारलं. अकराला बेकरीवाला उठला आणि नळ पुन्हा गेला की काय ते बघायला खाली आला. मुलीनं त्यालाही त्याचा फॉर्म वाचून दाखवला. त्याचा चेहरा भट्टीसारखा लाल झाला. तो वर गेला आणि कागदाच्या पिशवीत सहा पाव घेऊन आला. ड्युटीवर निघालेली नर्स त्या घोळक्यात अडकली. समीकरणं मला येतात, ती म्हणाली, पण मी शिकवताना चिडते हे आधीच सांगून ठेवते. सगळे एकमेकांकडं जरा ओशाळून बघत होते. महिनोन्महिने एकाच जिन्यानं चढउतार करणारी ती माणसं आज पहिल्यांदा एकमेकांना आडनाव विचारत होती.

हॅलोबाई संध्याकाळी भाचीकडं गेल्या आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या. पिशवी बाहेर ठेवली, चोरीला गेली, फॉर्म वाचले गेले, मोठ्यानं वाचले गेले. भाची ऐकता ऐकता उभी राहिली. ती ओरडली नाही, ते जास्त जड गेलं. लोकांनी आपल्यावर विश्वास ठेवून सांगितलं होतं मावशी, एवढंच ती म्हणाली. तीन नंबरची अख्खी इमारत अभ्यासातून काढून टाकावी लागणार होती, आणि मावशीलाही. दुसऱ्या दिवशी हॅलोबाईंनी एकोणीस दारांवर जाऊन माफी मागितली. दोघांनी खरंच झापलं आणि ते त्यांनी मुकाट्यानं ऐकून घेतलं. बाकीच्यांनी चहा विचारला.

खरा वादळी प्रसंग मुलीच्या आईचा झाला. तिला सगळं कळलं ते काकांकडून. ते फार जपून, बसच्या वेळापत्रकापासून सुरुवात करून सांगायला गेले, पण नळांचा विषय निघालाच. बाई शरमेनं काळीठिक्कर पडली. तिनं कपाटावरची खोकी खाली काढली आणि भांडी बांधायला घेतली. आजवर जिथं जिथं काही बिनसलं होतं, तिथं तिनं हेच केलं होतं. करार संपायला तीन आठवडे होते, आणि मालकानं नवा भाडेकरू बघूनही ठेवला होता.

मुलगी धावत नर्सकडं गेली. नर्सनं हॅलोबाईंना फोन केला. का केला ते तिलाही सांगता आलं नसतं, कारण हॅलोबाई आता तिथं कुणीच नव्हत्या. पण हॅलोबाई आल्या. त्या मुलीच्या आईशेजारी जमिनीवर बसल्या आणि वर्तमानपत्रात कप गुंडाळायला लागल्या.

“तुम्ही मला अडवायला आलात ना?” आई म्हणाली.

“नाही. तुम्ही जायचं ठरवलंत तर मी बांधून देईन.” हॅलोबाईंनी एक कप बाजूला ठेवला. “पण चौथ्या शाळेत ती पुन्हा अपूर्णांकच शिकेल.”

आईचे हात थांबले. अपूर्णांकांचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या दुपारी ती पहिल्यांदा रडली, आणि नर्सनं पाण्याचा पेला देताना सांगितलं की चौथ्या मजल्यावरची कडेची खोली या महिन्यात रिकामी होतेय. मालक वेगळा आहे, म्हातारा आहे, आणि गच्चीतून पाणी झिरपतं म्हणून भाडेकरू मिळत नाही. बोलणी करायला काका आणि बेकरीवाला गेले. काका बोलले, बेकरीवाला नुसता दारात मावेल तेवढा उभा राहिला. दोन वर्षांचा करार झाला.

आता सगळं सुतासारखं सरळ झालं असं नाही. पाच नळांपैकी दोनच परत मिळाले, बाकीचे भंगारात वितळून गेले होते. पुढच्याच महिन्यात खालून एक सायकल गेली, आणि ती कुणी नेली ते कधीच कळलं नाही. मात्र या वेळी टॉवेल दाबून कुणी बसलं नाही, सहा जण शोधायला बाहेर पडले. पाच नंबरच्या त्या दोघींपैकी एकीला दुकानातल्या चोरीसाठी दर आठवड्याला पोलीस ठाण्यात हजेरी लावावी लागते. दुसरी कधी कधी नर्सच्या घरी समीकरणं सोडवताना आपल्या मैत्रिणीशेजारी बसते आणि चिडलेल्या नर्सची नक्कल करते. मुलगी पाचांतले चार दिवस शाळेत जाते. पाचव्या दिवशी काका सात वाजता बेल वाजवतात. सत्तावीस नंबरच्या नव्या ड्रायव्हरला त्यांनी सांगून ठेवलंय, की राखाडी स्वेटर दिसला तर अर्धा मिनिट थांब. भाचीनं अभ्यास पुरा केला. त्यात तीन नंबर नाही. पण ती एकदा मावशीबरोबर इमारत बघायला आली आणि दोन तास पॅसेजमधल्या खुर्चीवर बसून राहिली, वही न उघडता.

सामान हलवलं ते जुना करार संपायच्या आधीच्या रविवारी सकाळी. दुसऱ्या मजल्यावरून चौथ्यावर जायचं, त्याला ट्रक कशाला लागतो. माणसं जिन्यात ओळीनं उभी राहिली आणि गाद्या, बादल्या, खोकी हातोहात वर गेली. हॅलोबाईंना काहीही उचलू द्यायचं नाही असं नर्सनं ठरवलं होतं, म्हणून त्यांच्या हाती फक्त घड्याळ आलं. कपाट वळणावर अडकलं. ते कसं फिरवावं यावर सात माणसांची सात मतं होती. काका खाली उभे राहून बस मागं घेतल्यासारखे हात हलवत होते, अजून, अजून, थांब, डावीकडं, आणि कपाटाखाली दबलेला बेकरीवाला म्हणत होता की कुणाची डावी ते तरी ठरवा. मुलगी पायरीवर बसून हसत सुटली होती. आई तिला हसताना बघत होती आणि पोटाशी धरलेलं उशांचं गाठोडं खाली ठेवायचं विसरली होती.

शेवटी कपाट चढलं. आईनं सगळ्यांसाठी चहा टाकला, आणि मग तिच्या लक्षात आलं की घरात कप चारच आहेत. दोन मिनिटांत जो तो आपल्या घरून कप घेऊन आला. जाताना ते कुणी नेले नाहीत. चौथ्या मजल्यावरच्या ओट्यावर निळे, फुलाफुलांचे, कान तुटलेले असे सोळा कप राहिले. पुढचे तीन दिवस मुलगी शाळेतून आल्यावर एकेक कप घेऊन दारं वाजवत होती, आणि एका दारात गेली की अर्धा तास परत येत नव्हती.